परदेशातल्या मुलांची फी पाठवताना पैसे कुठे अडतात

फी भरायची तारीख चार दिवसांवर आलेली, खात्यात पैसे पुरेसे, आणि बँकेच्या ॲपवर नुसतं ‘रिजेक्टेड’. कारण लिहिलेलं नसतं; असलंच तर ‘डिस्क्रिपन्सी’ एवढा एक शब्द. घरात पहिला तर्क निघतो तो मर्यादेचा: वर्षाची लिमिट संपली असणार. ती क्वचितच संपलेली असते. परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या ज्या योजनेला सगळे एलआरएस म्हणतात, तिच्यात प्रत्येक निवासी व्यक्तीला एप्रिल ते मार्च या आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर पाठवता येतात. शिक्षणाचा खर्च त्याहून मोठा असेल तर विद्यापीठाच्या अंदाजपत्रकाच्या आधारे जास्तीचीही मुभा आहे. फेब्रुवारी २००४ मध्ये योजना सुरू झाली तेव्हा मर्यादा २५ हजार डॉलर होती. ऑगस्ट २०१३ मध्ये रुपया घसरत असताना ती दोन लाखांवरून ७५ हजारांवर आणली होती, आणि तो ७५ हजारांचा आकडा काही जणांच्या डोक्यात अजून घर करून आहे. २०१५ पासून अडीच लाखच आहेत.

अडतं ते दुसरीकडेच. पैसे कोणाचे, कशासाठी आणि कोणाला, या तीन प्रश्नांना ए२ फॉर्म (परदेशी पैसे पाठवण्याचा बँकेतला अर्ज) एक उत्तर देतो, पॅन दुसरं आणि इन्व्हॉइस तिसरं. बँकेच्या फॉरेक्स डेस्कला ही तिन्ही उत्तरं जुळलेली हवी असतात.

आधी पैसे कुठवर गेलेत ते पाहा

खात्यातून रक्कम वजाच झाली नसेल तर दोष कागदांत किंवा खात्यात आहे. वजा झाली पण तिकडे पोचली नाही, तर दोष बहुधा पत्त्यात, म्हणजे स्विफ्ट कोड (परदेशी बँकेचा ओळख क्रमांक), खाते क्रमांक, नाव यांत आहे. पोचली पण कमी पोचली, किंवा विद्यापीठ ‘मिळाली नाही’ म्हणतंय, तर शुल्काचा किंवा विद्यार्थी क्रमांकाचा घोळ. तिन्हींचे उपाय वेगळे. पहिल्या प्रकारात विद्यापीठाला मेल लिहून काही होत नाही, आणि तिसऱ्या प्रकारात शाखेत जाऊन भांडणं फुकट जातं.

रक्कम वजाच झाली नाही

पॅन पहिल्यांदा तपासा. एलआरएसचा एकही व्यवहार पॅनशिवाय होत नाही, रक्कम कितीही छोटी असो. आधार जोडलेलं नसल्यामुळे पॅन निष्क्रिय झाला असेल तर बँकेची सिस्टिम तिथेच थांबते. आईच्या खात्यातून पैसे पाठवायचे ठरतं आणि आईचा पॅन वर्षानुवर्षं कपाटात पडलेला असतो, तेव्हा हे हमखास निघतं. आयकर पोर्टलवर लॉगिन न करताही जोडणीची स्थिती पाहता येते.

दुसरं, पैसे पाठवणारा निवासी आहे का? इथे अनेक घरं चुकतात. शिकायला परदेशी गेलेला विद्यार्थी फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखाली अनिवासी धरला जातो, असं रिझर्व्ह बँकेने २००३ मध्येच स्पष्ट केलं. म्हणजे मुलगी तिकडे पोचल्यानंतर तिच्या पुण्यातल्या बचत खात्यावरून, तिच्याच नेटबँकिंगने, एलआरएसमध्ये पैसे पाठवणं बसत नाही. ते खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी व्यक्तीचं रुपयांतलं खातं, करून घ्यायला हवं. एनआरओमधून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत नेता येतात, पण तो रस्ता वेगळा आणि त्याचे कागदही वेगळे. बँक सीएचा दाखला मागू शकते. म्हणून मुलांच्या नावावरच्या ठेवी मोडायच्या असतील तर त्या जायच्या आधी मोडून पैसे आई-वडिलांच्या खात्यात घ्यावेत, किंवा मुलगा इथे असतानाच त्याच्या नावाने पहिला हप्ता पाठवून टाकावा. नंतरचे हप्ते आई-वडिलांनी आपापल्या खात्यांतून पाठवावेत. हा सगळ्यात कमी कटकटीचा मार्ग.

तिसरं, पैसे आले कुठून? आपल्याकडे घरातली मोठी शिल्लक बऱ्याचदा पतसंस्थेत किंवा गावच्या सहकारी बँकेत असते. पतसंस्थेला परकीय चलनाचे व्यवहार करता येत नाहीत, बहुतेक छोट्या सहकारी बँकांनाही नाही. त्यामुळे ठेव मोडून पैसे मोठ्या बँकेत आणले जातात आणि दुसऱ्या दिवशी लगेच रेमिटन्सचा अर्ज जातो. बँकेला दिसतं ते इतकंच, की एरवी चाळीस हजारांची उलाढाल असलेल्या खात्यात पंधरा लाख आले आणि लगेच बाहेर निघाले. अर्ज थांबणारच. ठेव मोडल्याची पावती, पतसंस्थेच्या खात्याचा उतारा आणि शेवटचं आयकर विवरणपत्र अर्जासोबतच द्या, मागण्याची वाट पाहू नका. शेतजमीन विकून पैसे आले असतील तर खरेदीखताची प्रत. रोख भरणा करून तीच रक्कम पाठवायचा विचार असेल तर तो सोडून द्या.

काका, मामा, आजोबा मदत करणार असतील तर आणखी एक पेच. ‘जवळच्या नातेवाइकाचा परदेशातला निर्वाह’ या सदरात नातेवाईक कोण, हे कंपनी कायद्याच्या व्याख्येवरून ठरतं. त्यात नवरा-बायको, आई-वडील, मुलगा-सून, मुलगी-जावई, भाऊ-बहीण येतात. काका, मामा, आत्या, मावशी येत नाहीत, आजी-आजोबाही नाहीत. मामाने थेट भाच्याच्या खात्यावर निर्वाहासाठी पैसे पाठवायचा अर्ज केला तर बँक तो परत करते, किंवा ‘भेट’ म्हणून करायला लावते, आणि टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक कापून घेते तो आयकर) शिक्षणाच्या कमी दराने लागत नाही. त्यापेक्षा मामाने ते रुपयांत आपल्या बहिणीला द्यावेत, ऑनलाइन, एका ओळीच्या भेटपत्रासह. भावाने बहिणीला दिलेल्या भेटीवर आयकर लागत नाही. मग आईने ते आपल्या नावाने शिक्षणासाठी पाठवावेत.

ॲपची स्वतःची मर्यादाही असते. बँका ऑनलाइन रेमिटन्सला दिवसाची कमाल रक्कम घालतात आणि ती एलआरएसपेक्षा बरीच कमी असते. ‘लिमिट एक्सीडेड’ दिसलं की बहुतेक वेळा तीच आडवी आलेली असते. तेवढ्यासाठी रक्कम तुकड्यांत पाठवत बसू नका, दर तुकड्याला शुल्क लागतं. शाखेतून एकदाच पाठवा.

आणि लाभार्थ्याचं नाव. विद्यापीठं हल्ली फी थेट न घेता मधल्या पेमेंट कंपनीमार्फत घेतात, त्यामुळे इन्व्हॉइसवर विद्यापीठाचं नाव आणि खातं मात्र भलत्याच कंपनीचं, कधी तिसऱ्याच देशातलं. कारकुनाला ते फसवणुकीसारखं दिसतं, आणि दिसावंच. पेमेंट कंपनीने दिलेलं सूचनापत्र, ज्यावर विद्यापीठ, विद्यार्थी, रक्कम आणि संदर्भ क्रमांक चारही असतात, ते जोडलं की शंका मिटते. पण प्रवेश लावून देणाऱ्या एजंटच्या वैयक्तिक खात्यावर फी मागितली असेल तर बँकेने अडवलं हे बरंच झालं म्हणा.

पर्पज कोड: दोन आकड्यांची चूक, लाखांचा फरक

ए२ फॉर्मवर पैसे कशासाठी जातात त्याचा कोड लिहावा लागतो. शिक्षणासाठी एस०३०५, फी, वसतिगृह आणि शिक्षणानिमित्तचे इतर खर्च त्यात बसतात. कुटुंबाच्या निर्वाहासाठी एस१३०१. वैयक्तिक भेटीसाठी एस१३०२. परदेशी बँकेत खातं उघडण्यासाठी एस००२३.

घरबसल्या परदेशी विद्यापीठाचा अभ्यासक्रम करणाऱ्यांसाठी वेगळा कोड आहे, एस११०७. ॲपमधल्या यादीत ‘एज्युकेशन’ शब्द दोनदा दिसतो आणि लोक पहिला सापडेल तो दाबतात. मुलगा प्रत्यक्ष तिकडे शिकत असेल तर एस०३०५ च.

दर महिन्याचा खर्च पाठवताना मात्र खरी गल्लत होते. फीसाठी ‘शिक्षण’ लिहिणारे पालक घरभाडं आणि किराण्यासाठी ‘फॅमिली मेंटेनन्स’ निवडतात, कारण शब्दशः तेच बरोबर वाटतं. आयकर खात्याने २०२३ च्या खुलाशात सांगितलं आहे की शिक्षणासाठी जाणाऱ्याचं तिकीट, संस्थेची फी आणि शिक्षणाच्या काळातला रोजचा खर्च हे सगळं शिक्षणाच्याच सदरात धरायचं. तेव्हा विद्यार्थी आहे तोवर एस०३०५ च लिहा आणि चालू सत्राचं बोनाफाइड पत्र जोडा. पदवी होऊन नोकरीच्या शोधात तो तिथेच राहिला असेल, तर मात्र एस१३०१.

जर्मनीला जाणाऱ्यांचा ब्लॉक्ड अकाउंट हा याच घोळाचा मोठा भाऊ. व्हिसासाठी वर्षाला ११,९०४ युरो आधीच त्या खात्यात ठेवावे लागतात. शाखेत ‘परदेशी खात्यात पैसे ठेवायचेत’ असं म्हटलंत की समोरचा एस००२३ काढतो. तो भांडवली व्यवहार. त्याला त्या बँकेत खातं किमान वर्षभर जुनं असण्याचा नियम लागतो. नसेल तर आधीच्या वर्षाचं स्टेटमेंट किंवा विवरणपत्र मागतात, आणि टीसीएसही वरच्या दराने. त्याऐवजी ‘विद्यार्थ्याचा निर्वाह खर्च, व्हिसाच्या अटीप्रमाणे’ असं म्हणा. प्रवेशपत्र आणि ब्लॉक्ड खातं देणाऱ्या संस्थेचं पत्र दाखवा आणि एस०३०५ मागा. कोडवर शेवटचा शब्द बँकेचा, पण कागद पूर्ण असले तर ती सहसा ऐकते.

टीसीएस: दंड समजू नका, पण हिशेब आधी करा

रक्कम वजा होत नाही याचं एक साधं कारण हे, की खात्यात फीपुरतेच पैसे ठेवलेले असतात. बँक फी, आपलं शुल्क, जीएसटी आणि टीसीएस एकदम वजा करायला जाते आणि शिल्लक कमी पडते.

एका आर्थिक वर्षात, एका पॅनवर, पहिल्या दहा लाख रुपयांपर्यंत टीसीएस नाही. १ एप्रिल २०२५ आधी ही रेषा सात लाखांवर होती. त्यापुढच्या रकमेवर शिक्षण आणि औषधोपचारासाठी २ टक्के. हा दर १ एप्रिल २०२६ पासूनचा, आधी ५ होता. निर्वाह, भेट, गुंतवणूक अशा इतर कारणांसाठी २० टक्के. मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून जाणाऱ्या रकमेवर काहीच नाही.

१८ लाख रुपये पाठवायचे आहेत आणि वर्षातला हा पहिलाच व्यवहार. शिक्षण लिहिलं तर आठ लाखांवर २ टक्के, म्हणजे १६ हजार. निर्वाह लिहिलं तर १ लाख ६० हजार. वरच्या ब्लॉक्ड खात्याचं पाहायचं तर, युरो शंभर रुपयांना धरून ११,९०,४०० रुपये होतात; दहा लाखांवरच्या १,९०,४०० वर ३,८०८ किंवा ३८,०८०. कोडमधले दोन आकडे म्हटलं ते याच अर्थाने.

दहा लाखांची रेषा सगळ्या कारणांना मिळून एकच, आणि सगळ्या बँकांना मिळूनही एकच. ‘शिक्षणाचे दहा वेगळे, भेटीचे दहा वेगळे’ असं नाही. बँक तुमच्याकडून या वर्षी इतरत्र किती पाठवले याचं हमीपत्र घेते. ते अंदाजाने भरू नका, कारण बँका एलआरएसचे व्यवहार रोजच्या रोज पॅननुसार रिझर्व्ह बँकेकडे नोंदवतात. वडील आणि आई मात्र दोन वेगळ्या व्यक्ती, दोन वेगळे पॅन, त्यामुळे दहा लाखांची रेषाही दोघांना स्वतंत्र. अर्धी फी एकाने, अर्धी दुसऱ्याने, आपापल्या खात्यातून पाठवली तर २० लाखांपर्यंत टीसीएस शून्यावर येऊ शकतो. फक्त विद्यापीठाला दोन हप्ते येणार हे आधी कळवा.

कर्जाच्या बाबतीत एक खोच आहे. बँकेने कर्ज थेट विद्यापीठाला पाठवलं तर प्रश्न नाही. पण ते आधी पालकांच्या बचत खात्यात जमा झालं आणि तिथून दुसऱ्या बँकेमार्फत गेलं, तर ती दुसरी बँक त्याला स्वतःचे पैसे समजून टीसीएस कापते. मंजुरीपत्र आणि वितरणाचा उतारा अर्जासोबत हवाच. घर तारण ठेवून काढलेलं, शिक्षणाचा उल्लेख नसलेलं कर्ज यात चालत नाही.

कापलेला टीसीएस तुमचाच आहे. तो कर-विवरणात, लोक ज्याला अजून २६एएस म्हणतात त्यात, दिसतो आणि विवरणपत्रात वळता होतो किंवा परत मिळतो. नोकरी असेल तर वर्ष संपायची वाट पाहायची गरज नाही: टीसीएसचा तपशील कंपनीला दिला की पगारातून कापला जाणारा टीडीएस तेवढा कमी होतो. ही सोय ऑक्टोबर २०२४ पासूनची. ज्यांचं उत्पन्न करपात्र नाही अशा गृहिणीच्या खात्यातून मोठी रक्कम पाठवली तर परताव्यासाठी तिला विवरणपत्र भरावंच लागेल, हे ध्यानात ठेवूनच खातं निवडा.

चलनबदलावरचा जीएसटी त्यामानाने किरकोळ. तो पूर्ण रकमेवर लागत नाही, ठरावीक अंशावर लागतो: एक लाखाच्या व्यवहाराला १८० रुपये, दहा लाखांच्या व्यवहाराला ९९०, आणि कितीही मोठा व्यवहार असला तरी १०,८०० च्या वर नाही. याच्यापेक्षा दरातला फरक जास्त खातो. शाखेत ‘आजचा टीटी सेलिंग रेट (परदेशी पाठवण्यासाठी बँक चलन विकते तो दर) काय, आणि त्यात मार्जिन किती’ असं विचारा. मोठ्या रकमेवर मार्जिन कमी करून मिळतं, मागावं लागतं एवढंच.

वजा झाले, पण पोचले नाहीत

शाखेतून एमटी१०३ ची, म्हणजे तुमचे पैसे पाठवताना बँकेने पुढच्या बँकेला दिलेल्या संदेशाची, प्रत मागा. नोव्हेंबर २०२५ पासून बँकांमधले हे संदेश आयएसओ २००२२ या नव्या साच्यात गेले आहेत, पण एमटी१०३ म्हटलं की काउंटरवर कळतं. त्यावर यूईटीआर नावाचा ३६ अक्षरांचा क्रमांक असतो. त्यावरून पैसे कोणत्या बँकेत थांबलेत ते तुमच्या बँकेला दिसतं. ‘आमच्याकडून गेले’ हे उत्तर घेऊन घरी येऊ नका.

थांबण्याची कारणं ठरलेली आहेत. स्विफ्ट कोड ८ किंवा ११ अक्षरांचाच असतो. नऊ-दहा दिसले तर काहीतरी गळलंय. जर्मनी आणि ब्रिटनचा आयबॅन (आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक) २२ अक्षरांचा, फ्रान्सचा २७, नेदरलँड्सचा १८. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात आयबॅन नसतोच. अमेरिकेत बँकेचा नऊ आकडी राउटिंग क्रमांक लागतो आणि तिथल्या कित्येक बँकांचा वायरसाठीचा (बँकेतून बँकेत थेट पाठवण्याचा) क्रमांक वेगळा, एसीएचचा (तिथल्या देशांतर्गत नेहमीच्या व्यवहारांचा) वेगळा. चेकबुकावरून उतरवलेला क्रमांक वायरला चालेलच असं नाही. ऑस्ट्रेलियात सहा आकडी बीएसबी, म्हणजे बँक आणि शाखेचा क्रमांक, कॅनडात तीन आकडी संस्था क्रमांक आणि पाच आकडी ट्रान्झिट क्रमांक. आयबॅनमध्ये तपासणीचे दोन आकडे असल्याने चूक जागेवर पकडली जाते. अमेरिकी खाते क्रमांकात एक आकडा चुकला तर ते पैसे तिकडे पोचल्यावरच समजतं.

मुलाच्या खात्यावर पाठवताना नावाने घोटाळा होतो. आपल्या पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, आणि स्वतःचं व वडिलांचं नाव एकत्र. परदेशी बँक त्यातून कधी वडिलांचं नाव गाळते, कधी तेच आडनाव करते. तिथल्या बँकेच्या स्टेटमेंटवर जसं छापलंय तसंच नाव लिहा, पासपोर्टवरून उतरवू नका. पत्त्यात शहर आणि देश त्यांच्या त्यांच्या रकान्यात भरा.

चूक सापडली तर आधी ‘अमेंडमेंट’ मागा, ‘रिकॉल’ नको. दुरुस्तीचा संदेश पाठवून पैसे जिथे आहेत तिथूनच पुढे जाऊ शकतात. परत बोलावले की मधल्या बँका आपापलं शुल्क कापतात, आणि परत आलेले डॉलर बँक खरेदी दराने रुपयांत बदलते. पुन्हा पाठवताना विक्री दर. दोन्ही वेळा फरक तुमच्याच माथी. परत आलेच तर ते रुपयांत न बदलता दुरुस्त तपशिलासह त्याच चलनात पुन्हा पाठवता येतील का, हे लगेच लेखी विचारा, आणि एलआरएसमधली पहिली नोंद रद्द करून घ्या. नाहीतर त्याच फीची रक्कम तुमच्या वर्षाच्या हिशेबात दोनदा दिसते.

पोचले, पण कमी

शुल्काच्या रकान्यात ‘शेअर्ड’ निवडलं की मधल्या बँका आपला वाटा पाठवलेल्या रकमेतूनच काढतात आणि विद्यापीठात वीस-तीस डॉलर कमी जमा होतात. मग नोंदणी अडते, तीही तेवढ्या फरकावरून. फीसाठी ‘अवर’ निवडा, म्हणजे सगळं शुल्क पाठवणाऱ्याचं. तरीही घेणारी बँक कधी स्वतःचं येणावळ शुल्क कापते, म्हणून तीसेक डॉलर जास्त पाठवलेले बरे. उरलेले विद्यार्थ्याच्या फीखात्यात राहतात.

रक्कम पूर्ण पोचूनही विद्यापीठ नाही म्हणत असेल तर संदेशाच्या रकान्यात विद्यार्थी क्रमांक गेलेला नाही. तिथे साधारण १४० अक्षरं मावतात. क्रमांक सर्वात आधी, मग नाव, मग सत्र. ‘फीज फॉर माय डॉटर’ लिहून जागा घालवू नका.

मार्च-एप्रिलचा प्रश्न

अडीच लाख डॉलर आणि दहा लाख रुपये, दोन्ही मोजण्या १ एप्रिलला नव्याने सुरू होतात. उन्हाळ्यात अनामत आणि पहिला हप्ता दोन्ही भरायचे असतील आणि विद्यापीठाची तारीख मुभा देत असेल, तर एक रक्कम मार्चमध्ये आणि दुसरी एप्रिलमध्ये पाठवली की दहा लाखांची सूट दोनदा मिळते. टीसीएस खात्यातून रक्कम वजा होते त्या दिवशी ठरतो, अर्ज दिल्याच्या दिवशी नव्हे. तेव्हा मार्चमधली रक्कम २५ तारखेच्या आत, सकाळच्या वेळात शाखेत द्या. शेवटच्या दोन-तीन दिवसांत फॉरेक्स डेस्कवर गर्दी असते, कागदात शंका निघाली तर व्यवहार एप्रिलवर जातो, आणि दोन्ही रकमा मग एकाच वर्षात पडतात.